मुंबईची शाळापुस्तक मंडळी आणि तिचे २४ पंतोजी

पेशवाईचा अस्त झाल्यानंतर मुंबई इलाख्यात जी नवी शिक्षणव्यवस्था उभी राहिली, तिचा इतिहास सामान्यतः गव्हर्नर माऊंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांच्या नावाभोवती गुंफला जातो. परंतु १८२२ ते १८४० या कालखंडात सरकारी शाळांना पुस्तके पुरविणे, शिक्षक तयार करून देणे आणि अध्यापनाच्या रीतीविषयी सल्ला देणे हे काम सरकारच्या कोणत्याही खात्याने केले नाही. असे खातेच तेव्हा नव्हते. ते काम एका खाजगी मंडळीने केले. तिचे मूळ नाव बॉम्बे नेटिव्ह स्कूल बुक अँड स्कूल सोसायटी. १८२७ मध्ये तिने बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी हे नाव धारण केले. बाहेरून साह्य करणाऱ्या या मंडळीचा शाळांवर व शिक्षकांवर काय परिणाम झाला, एवढाच प्रश्न येथे विचारात घ्यावयाचा आहे.

मंडळीचे अध्यक्षपद स्वतः एल्फिन्स्टन यांच्याकडे होते. चिटणीस कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस हे लष्करातील इंजिनियर असून मराठी उत्तम जाणणारे होते. एतद्देशीय चिटणीस म्हणून सदाशिव काशिनाथ ऊर्फ बापू छत्रे काम पाहत. पुढे १८३२ मध्ये ती जागा बाळशास्त्री जांभेकर यांच्याकडे आली. १८२३ मध्ये मंडळीच्या समितीने देशी शाळांच्या स्थितीविषयी जो अहवाल दिला, त्यात चार उणिवा दाखविल्या होत्या : पुस्तकांचा अभाव, सुलभ अध्यापनपद्धतीचा अभाव, लायक शिक्षकांचा अभाव आणि पैशाचा अभाव. याच वर्षी १३ डिसेंबर रोजी एल्फिन्स्टन यांनी आपले प्रसिद्ध टिपण लिहिले. कौन्सिलातील फ्रान्सिस वॉर्डन यांचा कल इंग्रजीकडे होता, हा मतभेद सर्वश्रुत आहे. त्याची पुनरुक्ती करीत नाही.

पहिली उणीव मंडळीने खरोखर भरून काढली, असे म्हणावे लागते. जर्व्हिस यांनी शास्त्रीमंडळींच्या साह्याने गणिताची पुस्तके मराठीत आणली. छत्रे यांचे 'बाळमित्र' व 'इसपनीती' १८२८ मध्ये प्रसिद्ध झाले. तत्पूर्वी गावच्या पंतोजीच्या शाळेत छापील पुस्तक नव्हतेच. धूळपाटीवर अक्षरे गिरवावयाची, पावकी-निमकी-दिडकी तोंडपाठ करावयाची, मोडी वाचावयास शिकावयाचे आणि हिशेब जमू लागला की शाळा सोडावयाची, हा त्या शिक्षणाचा क्रम. त्यात मुलाच्या हाती देवनागरीत छापलेले पुस्तक येणे ही लहान गोष्ट नव्हे. मराठी गद्याच्या अभ्यासकांनी या पुस्तकांच्या भाषेची चिकित्सा पुष्कळ केली आहे. ती शाळेत कशी वापरली गेली याची मात्र फारशी केली नाही.

अध्यापनपद्धतीच्या बाबतीत एक गंमत दृष्टीस पडते. समितीने शिफारस केली ती लँकेस्टरच्या पद्धतीची, म्हणजे वरच्या वर्गातील मुलांनी खालच्यांस शिकविण्याची. परंतु याच धर्तीची पद्धती डॉ. अँड्रयू बेल यांनी मद्रासच्या अनाथाश्रमात देशी शाळांचे पाहून अठराव्या शतकाच्या अखेरीस योजिली आणि मग विलायतेत तिचा प्रसार केला होता. पंतोजींच्या शाळांत थोरल्या मुलाने धाकट्यास गिरवून घ्यावे ही रीत जुनीच. तीच आता सुधारणा म्हणून साहेबाच्या शिक्क्यासह परत आली!

लायक शिक्षकांच्या प्रश्नावर मंडळीने काढलेला तोडगा अधिक विचारार्ह आहे. जर्व्हिस यांच्या देखरेखीखाली मुंबईत काही तरुणांस शिकवून तयार करण्यात आले आणि १८२६ मध्ये असे २४ शिक्षक मराठी व गुजराती मुलखातील जिल्ह्यांच्या गावी धाडण्यात आले. सरकारी प्राथमिक शाळांचा प्रारंभ येथून होतो. या शिक्षकांची स्थिती ध्यानात घेतली पाहिजे. त्यांना घडविले व पुस्तके दिली मंडळीने. वेतन आले सरकारी तिजोरीतून. आणि काम करावयाचे ते मुंबईपासून दूर, परक्या गावी, एकट्याने. गावच्या पंतोजीला पालक शिधा देत, म्हणून तो पालकांना बांधलेला असे. नवा शिक्षक गावात कोणालाच बांधलेला नव्हता. यात त्याचे स्वातंत्र्य होते, तसाच त्याचा एकटेपणाही होता.

आता थोडे आकडे पाहू. १८२९ च्या सुमाराच्या मोजणीत मुंबई इलाख्यात एकूण १७०५ शाळा व सुमारे ३५ हजार विद्यार्थी आढळले. त्यांपैकी सरकारी शाळा अवघ्या २५. बाकीच्या १६८० पंतोजींच्या. रा. वि. परुळेकर यांनी दप्तरातील मूळ कागद प्रकाशात आणल्यापासून हे चित्र स्पष्ट झाले आहे. एल्फिन्स्टन यांच्या टिपणातील पहिलाच उपाय देशी शाळांतील अध्यापनरीत सुधारण्याचा व अशा शाळांची संख्या वाढविण्याचा होता. मंडळीच्या हातून घडले ते निराळेच. तिने जुन्या शाळांत शिरण्याऐवजी त्यांच्या शेजारी नव्या शाळा उभ्या केल्या. पैसा थोडा होता, हे खरे. नवा माणूस घडविणे जुन्यास वळविण्याहून सोपे, हेही खरे. तरी १६८० पंतोजींना मंडळीच्या सल्ल्याचा फारसा लाभ झाला नाही, हा दोष तिच्या पदरी घातलाच पाहिजे. निराळा मार्ग अशक्य होता असेही नाही. १८३६ च्या सुमारास लेफ्टनंट शॉर्टरीड यांनी पुरंदर तालुक्यात स्थानिक पंतोजींनाच हाताशी धरून शाळा चालविल्या. पुढे त्यांची संख्या ६३ झाली. तेथे विद्वत्ता बेताची होती, पण शाळा गावाची होती.

१८४० मध्ये सरकारने बोर्ड ऑफ एज्युकेशन स्थापिले. मंडळीच्या शाळा त्याच्याकडे गेल्या व तिचे स्वतंत्र अस्तित्व संपले. बोर्डातील अध्यक्षाव्यतिरिक्तच्या सहा जागांपैकी तीन मंडळीस देण्यात आल्या. त्यांवर जगन्नाथ शंकरशेट, फ्रामजी कावसजी आणि महंमद इब्राहिम मकबा आले. सल्ला देणारे आता अधिकारी झाले. शिक्षक तयार करण्याचे काम मात्र मध्यंतरी मागे पडले होते. १८४५ मध्ये एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनात अध्यापकांचा वर्ग निघाला, तो जांभेकरांच्या हाती सोपविण्यात आला. पण पुढच्याच वर्षी, १८४६ मध्ये, ते निवर्तले.

१८४७ मध्ये अध्यक्ष सर अर्स्किन पेरी यांनी उच्च शिक्षण इंग्रजीतूनच व्हावे असा आग्रह धरला, तेव्हा देशी भाषांचा पक्ष घेऊन उभे राहिले ते जर्व्हिसच, आणि बोर्डातील तीनही हिंदी सभासद त्यांच्या बाजूने होते. १८५५ मध्ये बोर्डाची जागा सरकारी विद्याखात्याने घेतली. त्या वेळी जर्व्हिसही हयात नव्हते.