किंग्जवेची कुळकथा

राष्ट्रपतिभवनापासून इंडिया गेटकडे जाणारा नवी दिल्लीतील हमरस्ता इंग्रजी अमदानीत 'किंग्जवे' या नावाने ओळखला जाई. स्वातंत्र्यानंतर तो 'राजपथ' झाला आणि 2022 साली 'कर्तव्यपथ'. रस्ता एकच, पाट्या मात्र तीन. योगायोग असा की, 'किंग्जवे' याच नावाची एक मोटारही एके काळी आपल्या देशात धावत असे आणि तिची कथाही पाटीचीच आहे. ती घडली मुंबईत, कुर्ल्यास. म्हणून आपणां दूरस्थ मराठी जनांस ती विशेष जवळची वाटावी.

'डॉज किंग्जवे' ही नावाने अमेरिकन खरी, पण मुख्यतः परदेशी बाजारांसाठी काढलेली. परदेशांतील डॉज व डिसोटो यांच्या विक्रेत्यांस स्वस्त गाडी हवी असे. त्यावर क्रायसलर कंपनीने सोपी तोड काढली. स्वस्त प्लिमथचाच सांगाडा घ्यावा, पुढची जाळी व नावाची अक्षरे बदलावी. की एकीची झाली डॉज किंग्जवे, दुसरीची डिसोटो डिप्लोमॅट! पुढे 1970च्या दशकात ब्राझीलमध्येही डार्टच्या सांगाड्यावर 'चार्जर' हे दांडगे नाव असेच चढले.

सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी 1940 साली क्रायसलरशी करार केला. युद्धकाळातील इंग्रज सरकारने या उद्योगास पाठबळ दिले नाही. तरीही 1944 साली प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना झाली आणि 1947 साली कुर्ल्याच्या कारखान्यातून गाड्या बाहेर पडू लागल्या. आरंभी ही केवळ जोडणी होती. सुटे भाग पेट्यांतून सातासमुद्रांपलीकडून येत.

फोर्ड व जनरल मोटर्स या कंपन्याही मुंबईत 1920च्या दशकापासून हेच करीत आल्या होत्या. भेद पडला तो 1953 साली. जकात आयोगाच्या शिफारशींवरून शासनाने ठरविले की, जो क्रमाक्रमाने सुटे भाग येथेच घडवील, त्यानेच राहावे. त्या दोघी बलाढ्य कंपन्यांनी गाशा गुंडाळला, कुर्ला टिकले. ज्या वर्षी हा निर्णय झाला, त्याच वर्षी वालचंद निवर्तले.

पुढे कुर्ल्याने फियाटची 1100 ही लहान गाडी घडविली व 1970च्या दशकात तिला 'पद्मिनी' हे देशी नाव दिले. मुंबईच्या रस्त्यांवरून तिची शेवटची टॅक्सी 2023 साली निवृत्त झाली.

पद्मिनीचा मूळ आराखडा इटलीचा होता, हे विसरता येत नाही. तथापि किंग्जवेचे परके भाग जोडता जोडता ज्या हातांस कसब आले, ते हात आपले होते. आम्हां बदलीच्या नोकरांस बिऱ्हाडाच्या दारावरची पाटी बदलण्याची सवय आहे. पण मागे वळून पाहता हिशेब पाट्यांचा होत नाही. त्या त्या मुक्कामी आपण काय शिकलो व काय घडविले, याचाच होतो. कुर्ल्याच्या खाती हा जमेचा आकडा आहे.