मुलांचा नंबर आणि अंगणातला उजेड



बैठकीत हप्त्याचा हिशोब संपला की मुलांच्या गोष्टी निघतात. "पोराला फळ्यावरचं दिसत नाही." "चष्मा लावला की नंबर वाढतच जातो म्हणे." "पोरीला चष्मा लागला तर सोयरीक कशी जमायची?" आज या बोलण्यामागचा इतिहास सांगते.

जवळचं स्वच्छ आणि लांबचं धूसर दिसतं, त्याला आपण मायनसचा नंबर म्हणतो. यात डोळ्याचा गोळा मागच्या बाजूला जास्त लांब वाढतो. लांबलेला डोळा परत आखूड होत नाही. म्हणून वाढत्या वयात नंबर लवकर लागू नये आणि लागला तर भराभर वाढू नये, एवढंच आपल्या हातात असतं.

हे ओळखायला माणसाला फार वर्षं लागली. ब्रेस्लाऊ नावाचं शहर आज पोलंडमध्ये आहे. तिथल्या हर्मन कोन या डॉक्टरांनी शाळाशाळांत जाऊन 10,060 मुलांचे डोळे तपासले आणि 1867 साली आकडे छापले. खेड्यातल्या शाळांत हा नंबर शंभरात एक-दोन मुलांनाच होता. शहरातल्या वरच्या शाळांत मात्र शंभरात 26 मुलांना! कोन यांनी बोट दाखवलं ते अंधाऱ्या वर्गांकडे आणि वाकून बसायला लावणाऱ्या बाकांकडे.

पुढे कितीतरी वर्षं वाद चालला. नंबर वाचनाने लागतो, की आईबापाकडून येतो? 2008 साली सिंगापूर आणि सिडनी इथल्या चिनी वंशाच्या 6-7 वर्षांच्या मुलांची तुलना प्रसिद्ध झाली. आईबापांना नंबर असण्याचं प्रमाण दोन्हीकडे जवळपास सारखं होतं. तरी सिंगापुरात शंभरात 29 मुलांना नंबर होता, सिडनीत फक्त 3 मुलांना. सिडनीची मुलं पुस्तकं उलट जास्त वाचत होती! मोठा फरक होता तो घराबाहेरच्या वेळेत. सिंगापूरची मुलं आठवड्याला 3 तास बाहेर असायची, सिडनीची जवळजवळ 14 तास.

मग चीनमधल्या ग्वांगझू शहरात पहिलीच्या मुलांना काही शाळांत रोज 40 मिनिटं जादा बाहेर नेलं. तीन वर्षांत त्या शाळांत शंभरात 30 मुलांना नवा नंबर लागला, बाकीच्या शाळांत जवळजवळ 40 मुलांना. तैवानने 2010 पासून शाळकरी मुलांना रोज दोन तास बाहेर ठेवायची मोहीम घेतली. तिथे नजर कमी असलेली मुलं 2011 साली शंभरात 50 होती, 2015 साली 46 झाली. वर्षानुवर्षं चढणारा आकडा पहिल्यांदा खाली आला. बाहेरच्या लख्ख उजेडात डोळ्याच्या पडद्यात डोपामिन नावाचं द्रव्य वाढतं आणि ते गोळ्याची वाढ आवरतं, असं शास्त्रज्ञ मानतात.

आता चष्म्याची भीती. मलेशियात 94 मुलांपैकी काहींना पूर्ण नंबरचा, तर काहींना मुद्दाम कमी नंबरचा चष्मा दिला. 2002 साली निकाल छापून आला. कमी नंबरचा चष्मा घालणाऱ्यांचाच नंबर जास्त वाढला होता. म्हणजे चष्मा टाळून नंबर थांबत नाही. मूल फळ्यावरच्या अभ्यासाला मात्र मुकतं.

मैत्रिणींनो, आपल्याकडे उजेडाला तोटा नाही. पण तो सगळ्यांच्या वाट्याला येतो का? मुलगा शाळेतून आला की मैदानावर पळतो. मुलगी दहा-अकरा वर्षांची झाली की घरात, चुलीपाशी, नाहीतर मोबाईलपाशी. डोळा तर दोघांचाही वाढतच असतो. तिलाही रोज दोन तास बाहेर खेळू द्या. झाडाची सावली चालते, फक्त सूर्याकडे टक लावून बघू नये. शाळेत तपासणीचं पथक येईल त्या दिवशी मुलांना घरी ठेवू नका. एट्रोपिनचे सौम्य थेंबही नंबरची वाढ कमी करायला वापरतात, पण ते डॉक्टरांनी दिले तरच घालायचे.

आणि पोरीला चष्मा लागला, तर तो लपवू नका. तिला फळा दिसू द्या.