सरहद्द-कॅम्पातील सैनिकांचे सन्मानवेतन (अहमदपूर)

हैदराबाद संस्थानाच्या मुक्तिसंग्रामात भाग घेतलेल्या सत्याग्रहींना, भूमिगत कार्यकर्त्यांना आणि विशेषतः संस्थानाच्या हद्दीलगत उभ्या राहिलेल्या सशस्त्र कॅम्पांतील स्वयंसेवकांना उतारवयात केंद्र व राज्य शासनांकडून मिळणारे मासिक वेतन. सरकारी कागदपत्रांत त्यास ‘स्वातंत्र्यसैनिक सन्मान निवृत्तिवेतन’ म्हणतात; गावोगावचे वृद्ध त्याला नुसते ‘पेन्शन’ म्हणतात. मराठवाड्यातील इतर तालुक्यांप्रमाणे अहमदपूर तालुक्यातही या वेतनाचे अर्जदार झाले. परंतु या तालुक्याचा महसुली इतिहास काहीसा आडवळणाचा असल्यामुळे येथील अर्जदारांना जे सायास पडले, ते सबंध योजनेचे मर्म उलगडून दाखविणारे आहेत, म्हणून ही नोंद अहमदपुराच्या नावाखाली घेतली आहे.

बालाघाटाच्या पठारावर वसलेले अहमदपूर आज लातूर जिल्ह्यात असून लातूर व नांदेड या दोन शहरांना जोडणाऱ्या मार्गावर आहे. निजामी अमलात मात्र हा तालुका बीदर जिल्ह्यात मोडत असे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत अहमदपूर, उदगीर व निलंगा हे तीन तालुके बीदरहून वेगळे काढून उस्मानाबाद जिल्ह्यास जोडण्यात आले, आणि १९८२ साली लातूर जिल्हा निर्माण झाल्यावर अहमदपूर त्यात समाविष्ट झाले. परिणाम असा, की १९४७-४८ साली येथून पकडला गेलेला मनुष्य बीदर किंवा गुलबर्ग्याच्या तुरुंगात गेला असल्यास त्याची नोंद आता कर्नाटकात, हैदराबादच्या चंचलगुडा तुरुंगात गेला असल्यास ती तेलंगणात, आणि त्याचा अर्ज मात्र आधी उस्मानाबादच्या व नंतर लातूरच्या जिल्हाधिकारी कचेरीत. माणूस आपल्या गावीच राहिला; त्याचा जिल्हा मात्र त्याच्या हयातीत दोनदा बदलला.

संग्रामाचा इतिवृत्तान्त येथे संक्षेपानेच देणे योग्य. १९३८ साली हैदराबाद स्टेट काँग्रेसची स्थापना होऊन तिच्यावर तत्काळ बंदी आली; त्याच वर्षी तिचा आणि आर्य समाजाचा सत्याग्रह सुरू झाला. पुढे १९४६ मध्ये बंदी उठल्यानंतर स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखाली चळवळीने उग्र रूप धारण केले. ७ ऑगस्ट १९४७ रोजी भारतीय संघराज्यात सामील होण्याच्या मागणीचा दिन पाळण्यात आला; निजामाने २९ नोव्हेंबर १९४७ रोजी भारत सरकारशी ‘जैसे थे’ करार केला; आणि लातुरात वकिली केलेल्या कासीम रझवीच्या रझाकार या सशस्त्र स्वयंसेवकदलाचा उच्छाद खेड्यापाड्यांत पसरू लागला. गावे ओस पडू लागली, आणि तरुणांचे जथे सरहद्द ओलांडून मुंबई इलाख्यात व वऱ्हाडात जाऊ लागले. भारतीय फौजांनी १३ सप्टेंबर १९४८ रोजी कारवाई आरंभिली आणि १७ सप्टेंबर रोजी निजामाने शरणागती पत्करली. तीच मराठवाड्याच्या भाषेतील ‘पोलीस अ‍ॅक्शन’.

कॅम्प म्हणजे काय, हे मात्र विस्ताराने सांगितले पाहिजे, कारण वेतनाचा सारा वाद त्याभोवती फिरतो. सोलापूर-बार्शीच्या बाजूस आणि पैनगंगेपलीकडे उमरखेडसारख्या ठिकाणी ही केंद्रे उभी राहिली. तेथे ना गणवेश होता, ना हजेरीपत्रक, ना पगार; धर्मशाळेत, मळ्यात किंवा एखाद्या सहानुभूतिदाराच्या वाड्यात राहावे, मिळतील त्या बंदुका चालवावयास शिकावे, रात्री हद्द ओलांडून करोडगिरी (जकात) नाके जाळावेत, पटवाऱ्यांची दप्तरे पेटवून द्यावीत, सक्तीच्या लेव्हीचे धान्य सरकारात जाऊ देऊ नये, शिंदीची झाडे तोडून सरकारचे अबकारी उत्पन्न बुडवावे, आणि पहाट होण्यापूर्वी परत यावे, असा तो क्रम. अहमदपूर सरहद्दीपासून आत असल्याने येथून निघालेल्यास कॅम्पावर पोहोचण्यापूर्वीच निजामी मुलखातून लपतछपत बरीच वाट तुडवावी लागे, आणि मागे राहिलेल्या घरच्यांना त्याचे नाव उच्चारण्याचीही चोरी असे. उमरखेड बाजूच्या कार्यकर्त्यांनी ३० जानेवारी १९४८ रोजी नांदेड जिल्ह्यातील उमरी येथील बँकेवर छापा घालून सुमारे एकवीस लाखांची रक्कम चळवळीसाठी हस्तगत केली. त्याच सायंकाळी दिल्लीत महात्मा गांधींची हत्या झाल्याने या घटनेची वार्ता देशात जवळजवळ झाकोळून गेली. दप्तर जाळणे हेच ज्यांचे कार्य, त्यांच्या कार्याचे दप्तर कोठे सापडणार, हा प्रश्न पुढे पंचवीस वर्षांनी उभा राहिला.

स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवी दिनी, १५ ऑगस्ट १९७२ रोजी, केंद्र सरकारने स्वातंत्र्यसैनिकांसाठी वेतनयोजना सुरू केली. ताम्रपट देऊन गौरव करण्याचा उपक्रमही त्याच वर्षीचा. स्वामी रामानंद तीर्थ त्याच वर्षी जानेवारीत निवर्तले होते, हा एक दुर्दैवी योगायोग. प्रथम वेतन दरमहा २०० रुपये असून वार्षिक उत्पन्न ५,००० रुपयांपेक्षा कमी असणाऱ्यासच ते मिळे, म्हणजे त्यात सन्मानापेक्षा साहाय्याचा भाव अधिक होता. १ ऑगस्ट १९८० पासून उत्पन्नाची अट काढून टाकण्यात आली आणि योजनेच्या नावात ‘सन्मान’ हा शब्द रीतसर आला. पात्रतेसाठी किमान सहा महिन्यांचा तुरुंगवास लागे. स्त्रिया आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती यांना ही मर्यादा तीन महिन्यांची होती. भूमिगतांसाठी सहा महिन्यांहून अधिक काळ फरारी असणे आणि तोही फरारी म्हणून जाहीर झाल्यामुळे, डोक्यावर बक्षीस लागल्यामुळे किंवा स्थानबद्धतेचा हुकूम निघूनही तो बजावला न गेल्यामुळे, अशी अट होती. हैदराबादच्या प्रकरणी केंद्राने सरहद्द-कॅम्पांतील सहा महिन्यांच्या वास्तव्यास भूमिगत अवस्थेचा दर्जा दिला. आधी ९८ आणि नंतर आणखी १८ कॅम्प मान्य झाले. आपला कॅम्प या यादीत आहे किंवा नाही यावर अनेकांचे भवितव्य ठरले.

या नियमांतील गर्भित विसंगती लपण्यासारखी नाही. ज्यास निजामाच्या पोलिसांनी पकडले त्याच्यासाठी शत्रूचेच तुरुंगदप्तर साक्षीस उभे राहते. जो चतुराईने कधी हाती लागलाच नाही, त्याला मात्र आपल्या यशाचा पुरावा मिळत नाही. नोंदी नष्ट झाल्या असतील तर राज्य शासनाकडून ‘अभिलेख उपलब्ध नाही’ असा दाखला आणावा आणि सोबत सहबंद्यांची प्रमाणपत्रे जोडावीत, अशी सोय होती. भूमिगतांना स्वतः दीर्घ तुरुंगवास भोगलेल्या ज्येष्ठ सैनिकाचे वैयक्तिक माहितीचे प्रमाणपत्र लागे. महाराष्ट्र शासनाच्या ४ जुलै १९९५ च्या निर्णयाने ही अट राज्याच्या योजनेतही काटेकोर केली: जिल्हा गौरव समितीची शिफारस, राज्यस्तरीय उच्चाधिकार समितीची छाननी, दोन वर्षे शिक्षा भोगलेल्यांची प्रतिज्ञापत्रे, शक्य तर तत्कालीन वृत्तपत्रातील उल्लेख. ज्या मुलखात वृत्तपत्रांचीच मुस्कटदाबी होती, तेथील भूमिगताने आपले नाव वर्तमानपत्रात छापून आलेले दाखवावे, ही अपेक्षा कोणत्या सुपीक डोक्यातून निघाली असेल, हे कळणे कठीण आहे.

वयाचा प्रश्न निराळा. १९४८ साली अठरा वर्षांचा असलेला तरुण १९७२ मध्ये बेचाळिसाचा आणि १९९५ मध्ये पासष्टीचा होता. ज्यांच्याकडून प्रमाणपत्र घ्यावयाचे ते ज्येष्ठ तर त्याहून वृद्ध, आणि बरेचसे निवर्तलेले. शाळेचे तोंड न पाहिलेल्याचा जन्मदिनांक अंदाजाने लिहिलेला असतो. शाळेत गेलेल्याचा बहुधा गुरुजींनी सोयीसाठी १ जून असा नोंदलेला. त्यातून अर्जदार लढ्याच्या वेळी दहा-बारा वर्षांचाच होता असे कागदावर निघाले, की प्रकरण अडले. निजामी न्यायालयांचे कागद उर्दूत, त्यांवरील साल फसली आणि महिने आजूर, दय, बहमन असे. फसली सालात ५९० मिळविले म्हणजे स्थूलमानाने इसवी सन येतो, परंतु फसली वर्ष ऑक्टोबरात सुरू होत असल्याने १३५७ फसलीतील आजूर हा १९४७ चा आणि त्याच सालातील आबान १९४८ चा. हा हिशेब न कळणाऱ्या कारकुनाच्या टेबलावर सहा महिन्यांचा तुरुंगवास एका वर्षाने पुढे-मागे सरकला, तर दोष कोणाचा?

हा अनुभव केवळ मराठवाड्याचा नव्हे. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धातील सैनिकांसाठी तेथील काँग्रेसने १८१८ मध्ये दरिद्री सैनिकांपुरता आणि १८३२ मध्ये मिलिशियाच्या लोकांनाही सामावून घेणारा कायदा केला. १८३२ च्या कायद्यातही किमान सेवा सहा महिन्यांचीच होती. हजेरीपत्रके हरवली असल्याने सत्तरी-ऐंशीचे वृद्ध आपल्या परगण्याच्या न्यायालयात उभे राहून कोणत्या कप्तानाच्या हाताखाली, कोणत्या ओढ्याकाठी पहारा दिला हे तोंडी सांगत, आणि एखादा धर्मोपदेशक व शेजारी त्याची ग्वाही देत. दोनच वर्षांत व्हर्जिनियाच्या पश्चिम भागात खोट्या दाव्यांची चौकशी करावी लागली. पण त्या जबान्या आज त्या युद्धाच्या इतिहासाचे मोलाचे साधन ठरल्या आहेत. आपल्या कचेऱ्यांतील प्रतिज्ञापत्रांना तो मान अद्याप मिळावयाचा आहे.

आपल्याकडील न्यायालयांनी पुराव्याच्या बाबतीत दोन्ही टोके सांभाळली. मुकुंदलाल भंडारी प्रकरणी १९९३ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की हे वेतन सन्मानासाठी असून मुदत टळली म्हणून अर्ज फेटाळता येणार नाही, आणि पुरावा केव्हाही दाखल झाला असला तरी वेतन अर्ज पोहोचल्याच्या दिनांकापासून द्यावे. हे अर्जदार हैदराबादच्या आर्य समाज सत्याग्रहातील होते, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. गुरदियाल सिंग प्रकरणी २००१ साली असे ठरले, की फौजदारी खटल्यातील निःसंशय पुराव्याचे माप येथे लावू नये, संभाव्यतेवर निर्णय करावा. तथापि स्मृतीवर भरवसा ठेवणाऱ्या पद्धतीत खोट्यालाही वाट मिळते. बीड जिल्ह्यातील बोगस स्वातंत्र्यसैनिकांचे प्रकरण भाऊराव दगडू परळकर विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यातून २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आले. निवृत्त न्यायमूर्ती पालकर यांच्याकडून संशयित प्रकरणांची चौकशी झाली, आणि लबाडीने मिळविलेला कोणताही आदेश टिकत नाही हे तत्त्व त्या निकालात सविस्तर मांडले गेले. त्यानंतर छाननीची धार वाढली आणि तिचा जाच खऱ्या अर्जदारांनाच अधिक झाला. लबाडाजवळ कागद नेटके असतात, खऱ्याजवळ बहुधा नसतात.

महाराष्ट्र शासनाने २०२२ साली राज्याचे वेतन दरमहा १०,००० वरून २०,००० रुपये केले. हयात लाभार्थी आता अत्यल्प असून चालू प्रकरणांत विधवांचे अर्ज अधिक आढळतात. केंद्राच्या योजनेत सैनिकाच्या मृत्यूनंतर पती वा पत्नी, त्यांच्या पश्चात अविवाहित कन्या, आणि क्वचित माता-पिता यांना कुटुंबवेतन मिळते. पतीचा मूळ अर्ज उस्मानाबादेत, त्याची दुसरी प्रत लातुरात आणि तुरुंगाचा दाखला बीदरला अशी स्थिती असलेल्या विधवेस तिन्ही ठिकाणचे कागद एकत्र करून प्रथम पतीचे सैनिकपण आणि नंतर स्वतःचे पत्नीपण, अशा दोन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात. त्या पिढीतील बहुतेक विवाहांची सरकार-दरबारी नोंदच झालेली नसल्याने दुसरी गोष्ट पहिलीइतकीच अवघड पडते.