शिमा : जपानच्या पहिल्या भिक्खुनीचे नाव

जपानमधील धम्मप्रवेशाचा इतिहास सांगताना राजे, मंत्री आणि आचार्य यांची नावे आपण आदराने घेतो. परंतु त्या भूमीत प्रव्रज्या घेतल्याची पहिली नोंद अकरा वर्षांच्या एका मुलीची आहे, याचे स्मरण क्वचितच होते. तिचे नाव शिमा. या नावाचा मागोवा घेतला असता धम्माच्या प्रवासाचाच एक अध्याय आपल्यासमोर उलगडतो.

'शिमा' म्हणजे बेट. इ. स. ७२० मध्ये पूर्ण झालेल्या 'निहोन शोकी' या इतिहासग्रंथानुसार ही खोगीर बनविणाऱ्यांचा प्रमुख शिबा तात्तो याची कन्या. इ. स. ५८४ मध्ये मंत्री सोगा नो उमाको याने तिला प्रव्रज्या देवविली. कोरियातील कोगुर्यो राज्यातून आलेले व गृहस्थजीवनात परतलेले एबेन हे तिचे आचार्य. तिच्यासह आणखी दोघींनी प्रव्रज्या घेतली : तोयोमे आणि इशिमे. या नावांतील 'मे' म्हणजे स्त्री. आज जपानी स्त्रीनामांच्या अखेरीस आढळणारा 'को' त्या काळी पुरुषांच्याही नावात असे. खुद्द उमाकोचे नाव त्याची साक्ष देते.

प्रव्रज्येनंतर शिमा 'झेन्शिन-नी' झाली. 'झेन' म्हणजे कुशल, 'शिन' म्हणजे श्रद्धा. तोयोमेचे नाव झेन्झो-नी झाले. त्यातील 'झेन' हा वेगळा शब्द असून तो 'ध्यान' या भारतीय शब्दापासून चीनमार्गे आला. 'झो' म्हणजे कोठार, आणि 'पिटक' या शब्दासाठीही तोच वापरतात. इशिमेच्या 'एझेन-नी' या नावात प्रज्ञा व कुशल हे अर्थ आहेत. तिन्ही नावांच्या अखेरीचा 'नी' मात्र आमच्या ओळखीचा आहे. तो 'भिक्खुनी' या शब्दाचे अंत्याक्षर होय. चीन व कोरिया ओलांडून आपल्या भूमीतील हे एक अक्षर त्या मुलींच्या नावात जाऊन बसले.

हे नाव धारण करणे सोपे नव्हते. इ. स. ५८५ मध्ये रोगाची साथ पसरली. नव्या धर्मामुळे देव कोपले, असे विरोधकांनी ठरविले. मोनोनोबे नो मोरिया याच्या पुढाकाराने विहार जाळण्यात आला. तिघींची चीवरे हिसकावून त्यांना त्सुबाइचीच्या बाजारात फटके मारण्यात आले. त्या वेळी झेन्शिन-नी जेमतेम बारा वर्षांची होती.

तरीही तिने माघार घेतली नाही. प्रव्रज्येचा पाया शील आहे, म्हणून उपसंपदेचे नियम विधिपूर्वक शिकण्यास पाठवावे, अशी मागणी या भिक्खुनींनीच केली. इ. स. ५८८ मध्ये त्या समुद्र ओलांडून कोरियातील पेक्चे राज्यात गेल्या आणि ५९० मध्ये परतून साकुराई विहारात राहिल्या. त्याच वर्षी शिमाच्या भावानेही प्रव्रज्या घेतली. अर्थात बहीण या मार्गावर सहा वर्षे आधीच निघाली होती.

इ. स. ६०६ मध्ये सम्राज्ञी सुइको हिने शिल्पकार तोरी याचा गौरव केला. त्या वेळी त्याच्या आजोबांचा व वडिलांचा उल्लेख करून, त्याची आत्या हीच प्रथम गृहत्याग करून भिक्खुनींची मार्गदर्शिका झाली, याचेही स्मरण तिने दिले. तेथे तिचे नाव 'शिमामे' असे आले आहे. धम्मनाम मिळूनही लहानपणीचे नाव पुसले गेले नाही. जपानच्या संघाचा आरंभ एका मुलीपासून झाला, हे सत्य या दोन्ही नावांनी जपून ठेवले आहे.