विलायतेतली पार्किंगची नोटीस: भरायची की फेकायची?

मंडळी, पोस्ट जरा मोठी आहे. पण ज्यांची मुलं-मुली इंग्लंडात शिकायला किंवा नोकरीला आहेत त्यांनी शेवटपर्यंत वाचा आणि त्यांनाही पाठवा.

परवा रात्री आपल्याच गावातल्या एका काकांचा फोन आला. मुलगा दीड वर्षापासून लेस्टरला आहे. सुपरमार्केटच्या आवारात गाडी लावली, सामान घेतलं, मित्र भेटला म्हणून गप्पा लांबल्या, आणि आठ दिवसांनी घरी पत्र. शंभर पौंड भरा, चौदा दिवसांत भरले तर साठ. सोबत गाडी आत शिरतानाचा आणि बाहेर पडतानाचा फोटो, वेळेसकट. शंभर पौंड म्हणजे आपले दहा हजारांच्या वर.

काका म्हणाले, "तुम्ही पेपरवाले, तुम्हाला माहीत असेल. तिथला एक जुना रूममेट म्हणतो, असले कागद सरळ कचऱ्यात टाकायचे, कोणी काही करत नाही. आणि हिचं म्हणणं, पोलिसांचं काही असलं तर व्हिसा जाईल, भरून मोकळा हो. काय सांगू पोराला?"

मी म्हटलं, "काका, दोन दिवस द्या." मग वाचत बसलो. वाचल्यावर लक्षात आलं की रूममेट खोटं बोलत नव्हता. त्याचा सल्ला फक्त शिळा झाला होता. तो सल्ला 2012च्या आधीचा आहे, आणि 2012 ते 2015 या तीन वर्षांत तिथे सगळं पालटलं. म्हणून आधी इतिहास सांगतो, उत्तर त्यातूनच निघेल.

पहिली गोष्ट, हा कागद कोणाचा? ब्रिटनमध्ये दोन कागद फिरतात आणि दोघांचंही लघुरूप 'पीसीएन'. नगरपालिकेचा तो 'पेनल्टी चार्ज नोटीस', म्हणजे कायद्याने लावलेला दंड. खासगी कंपनीचा तो 'पार्किंग चार्ज नोटीस'. हा दंड नाही, हे बिल आहे. कंपनीचं म्हणणं एवढंच की तुम्ही आमच्या पाटीवरच्या अटी मान्य करून गाडी लावली, अटी मोडल्या, आता कराराप्रमाणे पैसे द्या. दोन्ही कागदांवर गाडीचा नंबर, मोठा आकडा आणि मुदत असते, त्यामुळे घाबरलेल्या माणसाला फरक कळत नाही. तो कळू नये यात कंपनीचा फायदाच आहे.

आता मागे जाऊ. लंडनमध्ये पहिली पार्किंग मीटर 1958 साली लागली. चाकाला लोखंडी जबडा लावायचा प्रकार, ज्याला क्लॅम्प म्हणतात, तो अमेरिकेतल्या डेन्व्हरचा. लंडनच्या पोलिसांनी तो 1983मध्ये आणला. 1991च्या रोड ट्रॅफिक ॲक्टनंतर रस्त्यावरच्या पार्किंगचं बरंचसं काम पोलिसांकडून नगरपालिकांकडे जायला लागलं. हे झालं सार्वजनिक रस्त्याचं.

खासगी जागेत मात्र वेगळाच खेळ चालला होता. दुकानामागचं अंगण, हॉस्पिटलचं आवार, रिकामा प्लॉट. जागामालकाने कोणाला तरी ठेका द्यायचा, त्याने क्लॅम्प लावायचा आणि पैसे दिल्याशिवाय चाक सोडायचं नाही. लोक त्यांना 'काउबॉय क्लॅम्पर' म्हणत. आपल्याकडे गाडी उचलून नेल्यावर जी हुज्जत होते ना, तीच, फक्त समोर सरकारी माणूस नाही.

कोर्टांनी यावर वेगवेगळं मत दिलं. स्कॉटलंडच्या हायकोर्टाने 1992मध्ये ठणकावून सांगितलं की गाडी अडकवून पैसे मागणं ही खंडणी आणि चोरी आहे. तिथे क्लॅम्पचा विषय संपला. इंग्लंडात मात्र ट्रुरो गावातल्या एका प्रकरणात अपील कोर्ट म्हणालं की पाटी वाचून गाडी लावली तर तुम्ही क्लॅम्पला संमती दिली, फक्त रक्कम वाजवी हवी. पुढे 2000 साली आणखी एक बाई कोर्टात गेल्या. हॉस्पिटलमधून परतताना त्यांना बरं वाटेना म्हणून त्यांनी गाडी बाजूला लावली होती. पाटीसमोर दुसरी गाडी उभी होती, पाटी दिसलीच नाही. कोर्टाने त्यांची बाजू घेतली. पाटी पाहिली नाही तर संमती कसली?

म्हणजे सगळा खेळ पाटीवर आला. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी आहे.

क्लॅम्पसोबत काचेवर तिकिटं चिकटवणंही चालू होतं. ती फेकून देणारे बहुतेक वेळा सुटायचे, त्याची कारणं दोन. एक, करार गाडी लावणाऱ्याशी. पण कंपनीला सरकारी वाहन खात्याकडून, म्हणजे डीव्हीएलएकडून, नाव मिळायचं ते गाडी ज्याच्या नावावर नोंदवली आहे त्याचं. गाडी कोणी लावली हे त्याने सांगावं अशी सक्ती नव्हती. मग दावा कोणावर लावणार? दुसरं, 1915च्या डनलॉप टायरच्या खटल्यापासून इंग्लिश कायद्यात एक कसोटी होती. करारात नुकसानभरपाई ठरवताना ती संभाव्य नुकसानीच्या प्रामाणिक अंदाजाएवढी हवी, धाक दाखवण्यासाठी ठेवलेली रक्कम चालत नाही. फुकट पार्किंगमध्ये अर्धा तास जास्त थांबलो तर नुकसान किती? जवळपास शून्य. रूममेटचा सल्ला इथला आहे.

मग आलं 2012. 'प्रोटेक्शन ऑफ फ्रीडम्स ॲक्ट'ने इंग्लंड आणि वेल्समध्ये 1 ऑक्टोबर 2012पासून खासगी जागेत क्लॅम्प लावणं गुन्हा ठरवलं. लोकांनी आनंद केला. पण त्याच कायद्याला एक चौथं परिशिष्ट होतं. क्लॅम्प काढून घेतला, त्या बदल्यात कंपन्यांना नवं हत्यार दिलं: ठरलेल्या रीतीने आणि मुदतीत नोटीस पाठवली, आणि चालक कोण ते कळलं नाही, तर गाडी ज्याच्या नावावर आहे त्याच्याकडून वसुली करता येईल. काचेवर तिकीट न लावता कॅमेऱ्यावरून नोटीस पाठवायची असेल तर ती घटनेनंतर चौदा दिवसांत पोहोचायला हवी.

चाकाचा जबडा गेला आणि टपालपेटीत आला. डीव्हीएलए एका नोंदीमागे कंपनीकडून अडीच पौंड घेते. 2006-07मध्ये अशा नोंदी पावणेतीन लाखांच्या आसपास दिल्या गेल्या होत्या. 2023-24मध्ये हा आकडा सव्वा कोटीच्या पुढे गेला. नंबरप्लेट वाचणारा कॅमेरा आणि हा कायदा, दोघांनी मिळून हा धंदा उभा केला.

उरलं होतं ते नुकसानीचं तत्त्व. ते 2015मध्ये गेलं. चेम्सफर्डच्या एका खरेदी संकुलात दोन तास फुकट पार्किंग होतं. बेव्हिस नावाचे गृहस्थ छप्पन्न मिनिटं जास्त थांबले. पार्किंगआय कंपनीने 85 पौंड मागितले, लवकर भरल्यास 50. त्यांनी भरले नाहीत, लढले, थेट सुप्रीम कोर्टापर्यंत. कंपनीचं तिथे एका पैशाचंही थेट नुकसान नव्हतं. उलट ती जागा चालवायला मिळावी म्हणून तीच जागामालकाला आठवड्याला हजार पौंड देत होती! म्हणजे लोक उशीर करतील यावरच तिची कमाई. तरीही 4 नोव्हेंबर 2015 रोजी कोर्टाने सहा विरुद्ध एक मतांनी कंपनीच्या बाजूने निकाल दिला. जागा फिरती राहावी, इतर गिऱ्हाइकांना मिळावी, हे रास्त हित आहे. पाट्या मोठ्या आणि स्पष्ट होत्या. रक्कम अवाजवी नाही. झालं. "नुकसान दाखवा" हे उत्तर त्या दिवसापासून लंगडं झालं.

संसदेलाही हे खटकत होतं. सर ग्रेग नाइट या खासदारांच्या विधेयकातून 2019मध्ये सरकारी आचारसंहितेचा कायदा झाला. फेब्रुवारी 2022मध्ये संहिता आली. लंडनबाहेर बहुतेक चुकांना 50 पौंडांची मर्यादा, आणि वसुली एजंटांच्या वाढीव फीला बंदी. कंपन्या कोर्टात गेल्या आणि जूनमध्ये सरकारने संहिता मागे घेतली. 2024मध्ये कंपन्यांच्या दोन संघटनांनी मिळून स्वतःचीच संहिता आणली, तीत शंभर पौंडांची मर्यादा आहे. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या असं मी म्हणणार नाही, पण नियम करणारे आणि कमावणारे एकाच घरातले, एवढं तरी म्हणावं लागेल.

आता काकांच्या प्रश्नाकडे. मी त्यांना सांगितलं ते असं.

कागद आधी नीट वाचायचा. नगरपालिकेचा किंवा पोलिसांचा असेल तर हा लेख त्याला लागू नाही, त्याचे नियम वेगळे. खासगी असेल तर ती दिवाणी बाब आहे, गुन्हा नाही. पोलिसांत नोंद होत नाही.

पण फेकायचा नाही. चूक खरोखर आपली आणि पाटी स्पष्ट असेल, तर सवलतीत भरून विषय संपवण्यात कमीपणा नाही. शंका असेल तर मुदतीत लेखी हरकत घ्यायची. पाटी दिसत होती का, रात्री उजेड होता का, नोटीस चौदा दिवसांत आली का, यंत्र बंद होतं का. फोटो आणि खरेदीची पावती जोडायची. दुकानाच्या मॅनेजरला भेटायचं, गिऱ्हाईक खरं असेल तर तो पुष्कळदा रद्द करायला सांगतो. कंपनीने नाकारलं तर तिच्या संघटनेच्या अपील मंडळाकडे जाता येतं. त्यातल्या 'पॉपला'कडे जायला पैसे लागत नाहीत आणि तिथला निर्णय कंपनीवर बंधनकारक असतो. मात्र तिथे गेलं की सवलत सहसा जाते, हा हिशेब आधी करायचा.

वसुली एजंटची लाल अक्षरातली पत्रं येतील. कोर्टाच्या आदेशाशिवाय त्याला घरातली खुर्चीही उचलता येत नाही. पण काउंटी कोर्टाचा दावा आला तर तो वेगळा कागद, त्याला मुदतीत उत्तर द्यायचंच. नाही दिलं तर एकतर्फी निकाल लागतो. तो महिन्याभरात भरला नाही तर सहा वर्षं पतनोंदीत राहतो. भाड्याचं घर, मोबाइलचं कनेक्शन, कर्ज, सगळीकडे तो आडवा येतो. पुढच्या सरकारी अर्जातही तो सांगावा लागू शकतो. आईची भीती अगदीच अनाठायी नव्हती, फक्त तिचं ठिकाण चुकलं होतं.

आणि आपल्या पोरांसाठी सगळ्यात महत्त्वाचं. ती दर वर्षी खोली बदलतात आणि गाडीच्या नोंदीवरचा पत्ता जुनाच राहतो. पत्रं तिकडे जातात, निकाल लागतो, आणि कळतं तेव्हा बँकेने नाही म्हटलेलं असतं. गाडी असेल तर पत्ता आजच बदलून घ्या.

आपल्याकडे पार्किंगवाला पोऱ्या पावतीबुक घेऊन समोर उभा असतो. त्याच्याशी भांडता येतं, तोही दहा रुपये सोडून देतो. तिथे समोर कॅमेरा, त्याच्यामागे कंपनी, आणि तिला आपलं नाव-पत्ता देणारं सरकारच. आपल्याही मॉलमध्ये आता नंबरप्लेट वाचणारे कॅमेरे दिसायला लागलेत. आपला पत्ता कोणाला आणि कशासाठी द्यायचा, हा प्रश्न आपण अजून विचारलेला नाही. तो वेळेत विचारलेला बरा.

काकांच्या मुलाने पावती शोधली, दुकानात जाऊन आला, आणि बाराव्या दिवशी हरकत पाठवली. उत्तर अजून यायचं आहे. आलं की इथेच कळवतो.