ग्रहण आणि पिधान म्हणजे काय? सावलीवरून शास्त्रज्ञ नेमकं काय मोजतात?

ग्रहण आलं की आपल्या नाशिकमध्ये दोन गोष्टी हमखास होतात. रामकुंडावर स्नानासाठी गर्दी होते आणि मोबाईलवर फॉरवर्डचा पाऊस पडतो. या गडबडीत एक गोष्ट मात्र राहून जाते. खगोलशास्त्रज्ञांसाठी ग्रहण हे मोजमापाचं साधन आहे. अवकाशातली एक वस्तू दुसरीच्या आड गेली, की ती कधी गेली, कुठून तसं दिसलं आणि किती वेळ झाकलेली राहिली, एवढ्या तीन नोंदी नीट घेतल्या तरी मोठ्या दुर्बिणीतून न दिसणाऱ्या गोष्टीही कळतात. कसं, ते या लेखात बघूया.

ग्रहण आणि पिधान यात फरक काय?

सूर्यग्रहणात चंद्र सूर्याच्या आड येतो. सूर्याचा व्यास चंद्राच्या सुमारे ४०० पट आहे आणि सूर्य चंद्रापेक्षा साधारण तितकाच पट लांब आहे. म्हणून आकाशात दोघं जवळपास सारख्याच आकाराचे दिसतात आणि चंद्र सूर्याला पूर्ण झाकू शकतो.

चंद्र, ग्रह किंवा लघुग्रह एखाद्या ताऱ्याच्या पुढे येऊन त्याला झाकतो, तेव्हा त्याला पिधान म्हणतात. चंद्राने ताऱ्याचं पिधान केलं तर तारा हळूहळू मंद होत नाही, दिवा बंद केल्यासारखा एका क्षणात गायब होतो. कारण चंद्रावर प्रकाश हळूहळू अडवेल असं वातावरणच नाही. बघा, नुसतं तारा गायब कसा होतो यावरून केवढी माहिती मिळाली!

दोन्हीमध्ये जागा फार महत्त्वाची असते. २२ जुलै २००९ च्या खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा सुरतवरून गेला. नाशिक त्या पट्ट्याच्या थोडं बाहेर होतं, म्हणून आपल्याकडे ते खंडग्रासच राहिलं. सावलीला कडा असते आणि तुम्ही त्या कडेच्या कोणत्या बाजूला उभे आहात, हीसुद्धा एक माहितीच असते.

सूर्यग्रहणातून काय कळलं?

सूर्याच्या तेजामुळे त्याच्या भोवतीचं प्रभामंडल, म्हणजे करोना, एरवी डोळ्यांना दिसत नाही. सूर्याचा पृष्ठभाग सुमारे ५,५०० अंश सेल्सिअस, तर करोनाचं तापमान १० लाख अंशांच्याही वर असतं. खग्रास ग्रहणात चंद्र मधली तबकडी झाकतो आणि काही मिनिटं हा भाग उघडा पडतो.

२९ मे १९१९ च्या ग्रहणात आणखी एक गोष्ट तपासली गेली. सूर्याजवळून येणारा ताऱ्यांचा प्रकाश वाकतो का? आइन्स्टाइन यांच्या सिद्धांतानुसार सूर्याच्या कडेला तो १.७५ विकला वाकायला हवा होता. एका अंशात ३,६०० विकला असतात, म्हणजे फरक किती बारीक ते बघा. ब्रिटिश पथकांनी ब्राझीलमधलं सोब्राल आणि आफ्रिकेजवळचं प्रिन्सिपे बेट इथून ताऱ्यांचे फोटो घेतले आणि आलेली मापं या सिद्धांताच्या बाजूने गेली.

हेलियमचा शोध विजयदुर्गावर लागला का?

हा फॉरवर्ड मलाही दरवर्षी ऑगस्टमध्ये येतो. "१८ ऑगस्ट १८६८ ला नॉर्मन लॉकियर यांनी विजयदुर्ग किल्ल्यावरून ग्रहण बघितलं आणि हेलियम शोधला." यातली तारीख बरोबर आहे, पण जागा आणि माणूस यांची जोडी चुकली आहे.

१८६८ च्या त्या ग्रहणाचा पट्टा भारतावरून गेला. फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सन गुंटूरला होते. लेफ्टनंट जॉन हर्शेल जमखंडीला होते, म्हणजे पटवर्धनांच्या तेव्हाच्या संस्थानात. सूर्याच्या कडेवरच्या ज्वाळा स्पेक्ट्रोस्कोपमधून बघताना निरीक्षकांना चमकदार रेषा दिसल्या, म्हणजे त्या ज्वाळा तप्त वायूच्या होत्या. त्यातली एक रेषा पिवळी होती. जान्सन यांनी दुसऱ्या दिवशी ग्रहण नसतानाही या रेषा बघून दाखवल्या.

लॉकियर तेव्हा इंग्लंडमध्ये होते. २० ऑक्टोबर १८६८ ला त्यांनी तिथूनच, ग्रहणाशिवाय, ज्वाळांच्या रेषा बघितल्या. पिवळी रेषा सोडियमच्या दोन रेषांशी जुळत नव्हती. पुढे तिच्या मागच्या अनोळखी मूलद्रव्याला हेलियम हे नाव मिळालं आणि १८९५ मध्ये विल्यम रॅमसे यांना हेलियम पृथ्वीवरच्या खनिजात सापडला.

मग विजयदुर्गाचा संबंध कुठून आला? लॉकियर तिथे खरंच आले होते, पण तब्बल ३० वर्षांनी, २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी. मेलपोमीन या ब्रिटिश युद्धनौकेवरचे नौसैनिक त्यांच्या मदतीला होते. किल्ल्यावर दाखवले जाणारे 'साहेबाचे कट्टे' या मोहिमेशी जुळतात. त्याच ग्रहणासाठी पुण्याच्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेचे कावसजी नायगमवाला सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला गेले होते आणि अमेरिकेच्या लिक वेधशाळेचं पथकही तिथेच उतरलं होतं. म्हणजे महाराष्ट्राचा ग्रहण-संशोधनाशी संबंध पक्का आहे, त्यासाठी चुकीची गोष्ट सांगायची गरज नाही. शिवाय ज्या विषयात कुठे आणि कधी हाच सगळा डेटा आहे, तिथे तारीख एकाची आणि जागा दुसऱ्याची जोडली तर उत्तरच बदलतं.

पिधानावरून लघुग्रह कसा मोजतात?

दहावीच्या भूमितीतली वर्तुळाची जीवा आठवते ना? इथे तीच कामाला येते. तारा इतका लांब असतो की त्याचे किरण जवळजवळ समांतर येतात. त्यामुळे लघुग्रहाची सावली पृथ्वीवर जवळपास लघुग्रहाएवढीच रुंद पडते.

आता समजा, अशी एक सावली सेकंदाला १५ किमी वेगाने पश्चिमेकडून पूर्वेकडे आपल्या जिल्ह्यावरून गेली (हे उदाहरण काल्पनिक आहे). चार मित्र चार ठिकाणी दुर्बीण लावून बसलेत.

- सिन्नर: तारा गेलाच नाही
- नाशिक: २.८ सेकंद गायब, म्हणजे ४२ किमी
- दिंडोरी: ४.६ सेकंद गायब, म्हणजे ६९ किमी
- कळवण: ३ सेकंद गायब, म्हणजे ४५ किमी

या तीन जीवा नकाशावर एकाखाली एक मांडल्या की सुमारे ७० किमीच्या लघुग्रहाचा आकार डोळ्यासमोर येतो. सिन्नरवाल्याची नोंदही वाया जात नाही, कारण कडा कुठे संपते ते त्याच्यामुळेच कळतं. आणि वेळेत ०.१ सेकंदाची चूक झाली तर मापात दीड किलोमीटरची चूक होते.

एकाच ठिकाणाहून बघून का भागत नाही, याचं खरं उदाहरण भारतातलंच आहे. १० मार्च १९७७ ला युरेनस एका ताऱ्यापुढून जाणार होता. तमिळनाडूतल्या कावलूर वेधशाळेत जे. सी. भट्टाचार्य आणि के. कुप्पुस्वामी यांना ताऱ्याचा प्रकाश क्षणभर मंदावलेला दिसला. त्यांनी त्याचा अर्थ युरेनसचा नवा उपग्रह असा लावला. त्याच रात्री हिंदी महासागरावर उडणाऱ्या अमेरिकी विमानातल्या दुर्बिणीतून जेम्स एलियट यांच्या पथकाने बघितलं की तारा ग्रहाच्या आड जाण्याआधी पाच वेळा मंदावला आणि बाहेर आल्यावर पुन्हा पाच वेळा, तेही दोन्ही बाजूंना जवळपास सारख्याच अंतरावर. सगळीकडच्या नोंदी एकत्र आल्यावर उलगडा झाला: युरेनसला कडी आहेत! ३ जून २०१३ ला याच पद्धतीने दक्षिण अमेरिकेतून बघताना सुमारे २५० किमी व्यासाच्या चारिक्लो या छोट्या पिंडाभोवतीही कडी सापडली.

आता उपग्रह आहेत, मग ग्रहणाची गरज काय?

२ सप्टेंबर २०२३ ला निघालेल्या आदित्य-एल१ यानावर करोना बघायचं व्हीईएलसी हे उपकरण आहे. ते सूर्याची तबकडी झाकून कृत्रिम ग्रहणच तयार करतं. याच यानावरची अतिनील दुर्बीण, सूट, पुण्याच्या आयुकाने बनवली आहे. डिसेंबर २०२४ मध्ये श्रीहरिकोटाहून गेलेल्या युरोपच्या प्रोबा-३ मोहिमेत तर एक उपग्रह साधारण १५० मीटरवरच्या दुसऱ्यासाठी चंद्राचं काम करतो. तरीही ग्रहणात जमिनीवर मोठी उपकरणं लावता येतात, आणि लघुग्रहांच्या पिधानासाठी तर गावोगावी पसरलेली माणसंच लागतात.

तुमच्या मोबाईलचा उपयोग काय?

मोबाईलमधलं जीपीएस तुमचे अक्षांश-रेखांश देतं, ते लिहून ठेवा. चंद्राने तेजस्वी तारा झाकताना दुर्बिणीच्या आयपीसला मोबाईल लावून व्हिडिओ घेता येतो. ३० फ्रेमच्या व्हिडिओत एक फ्रेम म्हणजे सेकंदाचा तिसावा भाग. मात्र मोबाईलच्या घड्याळात थोडा फरक असू शकतो, म्हणून शास्त्रीय नोंदीसाठी जीपीएसची वेळ वापरतात. लघुग्रह झाकतात ते तारे बहुतेक वेळा अंधुक असतात, त्यासाठी नुसता मोबाईल पुरत नाही.

२ ऑगस्ट २०२७ ला दुपारनंतर नाशिकमधून खंडग्रास सूर्यग्रहण आहे, पावसाळी ढगांनी वाट दिली तर. तेव्हा सूर्याकडे थेट बघू नका. गॉगल, एक्स-रे फिल्म, काजळी धरलेली काच यातलं काहीही चालत नाही. आयएसओ १२३१२-२ प्रमाणित ग्रहणचष्मा घ्या आणि मोबाईलच्या लेन्सपुढेही सौर फिल्टर लावा. काहीच नसेल तर घरातली पिठाची चाळणी नको, मोठ्या भोकांची घ्या आणि तिची सावली जमिनीवर पाडा. प्रत्येक भोकातून छोटी सूर्यकोर दिसेल. तिचा फोटो काढा आणि त्याखाली जागा व वेळ लिहा. भारतातलं पुढचं खग्रास २० मार्च २०३४ ला लडाखमधून दिसणार आहे, तोपर्यंत नोंद घ्यायची सवय लागलेली बरी.