गोदाकाठच्या जुन्या वस्तीचे नवे रूप
गोदावरीच्या उजव्या तीरावरील जुने नाशिक म्हणजे वाडे, अरुंद बोळ आणि सराफ बाजार यांची वस्ती. १९६९ व २००८ च्या महापुरांनी तिची परीक्षा पाहिली. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने भाडी गोठली. मालकास दुरुस्ती परवडेना, भाडेकरूस घर सोडवेना आणि पावसाळ्यात वाडे ढासळत राहिले. २०१६ साली स्मार्ट सिटी अभियानात नाशिकची निवड होऊन गावठाणाच्या पुनर्विकासाची आखणी झाली. अशोकस्तंभ ते त्र्यंबक नाका हा रस्ता नव्याने बांधला गेला. २०२५ मध्ये अभियान संपले. वाड्याच्या जागी इमारत उभी राहताना पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या भाडेकरूस तेथेच हक्काचे छप्पर लाभते काय, यावरच या नवनिर्माणाचे मोल इतिहास ठरवील.